पूर्वेची भिंत

करुणा गेली हे मला बल्लारपूरच्या थंडघरात कळलं. मे महिन्याची एकोणीस तारीख होती. उन्हाळ्यात अकरा ते पाच उघड्यावर काम करायचं नाही असा कायदा होऊन चार वर्षं झाली होती. त्यामुळे साइटवरचे आम्ही बावीस जण जमिनीत खोदलेल्या त्या खोलीत बसून होतो. कोणी झोपलं होतं, कोणी पत्ते खेळत होतं. चार वाजून दहा मिनिटांनी शेजारच्या शेवंताबाईंचा फोन आला.

"भाऊ, घरी या. वहिनी उठून नाई रायली."

"उठून नाई रायली म्हंजे?"

त्या नुसत्या रडत होत्या.

मी चंद्रपूरला पोचेपर्यंत तिला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर तरुण होते आणि त्यांचे डोळे लाल झाले होते. त्या दिवशी बाहेर अठ्ठेचाळीस अंश होतं. तिच्या आधी चौदा जणांना आणलं होतं. त्यांनी कागदावर 'उष्माघात' लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. त्यांचा दोष नाही. पंधराव्या माणसासाठी त्यांच्याकडे वेळ कुठून येणार?

करुणा एकावन्न वर्षांची होती. आम्हाला मूलबाळ नाही. मी गवंडी, पुढे बांधकामाचा मुकादम झालो. दहावीनंतर शिकलो नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. मग तिने नोकरी करत डिग्री घेतली. सेहेचाळिसाव्या वर्षी नागपूरच्या वास्तुशास्त्र महाविद्यालयात पर्यावरण आणि वास्तुरचना या विषयात मास्टर्स केलं, आणि ते झाल्यावर पीएच.डी.ला नाव घातलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळची बस. वर्गातली पोरं तिच्या निम्म्या वयाची. सुरुवातीला ती तिला 'काकू' म्हणायची. सहा महिन्यांनी नकाशे तपासायला तिच्याकडेच यायला लागली.

मी एकदा विचारलं होतं, "येवढं शिकून काय करशील?"

ती म्हणाली, "तुमी बांधता ते घर गरम काहून होते, ते सांगीन."

तिचा प्रबंध चंद्रपूरच्या घरांतल्या उन्हाळ्यावर होता. त्यात तिने स्वतःलाच मोजलं. ते कसं, हे मला तिच्या मार्गदर्शक डॉ. मृण्मयी उपरीकर यांनी नंतर नीट समजावलं. मला जसं समजलं तसं सांगतो.

एकाच खोलीत एकाला उकडतं आणि दुसऱ्याला नाही. कारण प्रत्येकाचं शरीर वेगळं. कोणाला लवकर घाम येतो, कोणाचं रक्त कातडीकडे लवकर धावतं. पूर्वी घराचं गणित करताना सरासरी माणूस धरायचे, आणि तो माणूस कुठेच राहत नसतो. आता दंडावर रुपयाएवढी एक चकती लावतात. ती कातडीचं तापमान, घाम, नाडीचे ठोके मोजत राहते. शरीराच्या आतलं तापमान मोजायला अधूनमधून एक गोळी गिळायची. मनगटावर सात बटणांची पट्टी असते. मधलं बटण म्हणजे ठीक. एका बाजूला थंडीची तीन, दुसऱ्या बाजूला गरमीची तीन. जसं वाटेल तसं दाबायचं. दोन वर्षं असं केलं की संगणकात त्या एका माणसाच्या शरीराचं गणित तयार होतं. त्याला ते प्रतिदेह म्हणतात. त्याला मन नाही, तो बोलत नाही. पण त्याला कुठल्याही खोलीत ठेवा, कितीही वाजता, तो सांगतो की या माणसाला इथे किती ताप चढला असता आणि त्याने कुठलं बटण दाबलं असतं.

करुणाने दोन वर्षं बटणं दाबली. भाकरी थापताना, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत. आमचं भांडण झालं की मात्र पट्टी काढून ठेवायची. "आत्ता दाबलं तर आकडा चुकते," म्हणायची.

*

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरात पाहुणे होते. भंतेजींचं सूत्रपठण झालं, लोक जेवायला बसले. करुणाचा धाकटा भाऊ धम्मपाल जेवला नाही. तो वीज केंद्रात इलेक्ट्रिशियन आहे. त्याला करुणानेच शिकवलं, ब्रम्हपुरीहून इकडे आणलं. तो आमच्या झोपायच्या खोलीत उभा राहून वर पाहत होता.

"भाऊजी, इथं झरोका होता ना?"

"होता."

"मंग?"

"फेब्रुवारीत बुजवला. कोळशाची धूळ येत होती. बिछान्यावर काळं काळं व्हाये."

"ताईनं सांगतलं होतं का बुजवाले?"

"नाई. ती नको म्हणे."

त्याने खिडकीतल्या कूलरकडे बोट दाखवलं. "कूलर लावता अन् हवा जायले जागा ठेवत नाई? ओली हवा आतल्या आत. घाम सुकणार कसा? सांगा ना. तुमी तर मिस्त्री."

विदर्भात लहान पोरालाही माहीत असतं की कूलरसमोर खोली बंद करायची नाही. करुणा दार लोटून झोपायची. मी विचार केला होता, फटीतून जाईल हवा. बुजवायला मला वीस मिनिटं लागली होती. चार अध्धे, म्हणजे अर्ध्या विटा, आणि थोडा माल. वर गिलावाही केला नव्हता, विटा दिसत होत्या.

"माही बहीण उन्हानं नाई मेली," धम्मपाल म्हणाला. तो हळू बोलला, पण पंगतीतल्या लोकांनी ऐकलं. "तुमच्या चार अध्ध्यांनी मेली."

त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही.

*

उपरीकर मॅडमचा फोन जूनमध्ये आला. त्या करुणाहून बारा वर्षांनी लहान, पण शिष्येला ताई म्हणायच्या. "भाऊ, करुणाताईंचा प्रतिदेह आमच्याकडे आहे. तुमची खोली त्यांनीच नकाशात काढली आहे. त्या दिवशीचं हवामान आहे. त्या खोलीत काय झालं असेल ते काढता येईल. पण नात्यातल्या माणसाची परवानगी लागते. ती तुमची."

"त्या दिवशी चकती नव्हती का तिच्या दंडावर?"

"नव्हती. तीच तर अडचण आहे. चकती, खोलीतले तापमापक, सगळं त्यांनी त्याच आठवड्यात तपासायला इथे आणून दिलं होतं. त्यांना वाटायचं उपकरणं बिघडलीत."

"काहून?"

"तुमची खोली मोजल्यावर गणितापेक्षा दोन अंश थंड यायची. दोन वर्षं. ताई त्याच्यावरच अडल्या होत्या. प्रबंधाचं चौथं प्रकरण."

मी विचार करून सांगतो म्हणालो. आणि सात महिने सांगितलं नाही.

भीती होती, दुसरं काही नाही. न मोजलेल्या गोष्टीबद्दल माणूस स्वतःला काहीही सांगू शकतो. सकाळी मी सांगायचो की उष्माघात होता, त्या दिवशी पंधरा जणांना दवाखान्यात आणलं, त्यांच्या घरी कुठे मी झरोके बुजवले होते? दुपारी जेवायला बसलं की त्या बुजवलेल्या चौकोनाकडे नजर जायची. मी त्या खोलीत झोपणं सोडलं. साइटवर भिंतीत झरोका ठेवायची वेळ आली की मी दुसऱ्याला पाठवायचो.

जानेवारीत धम्मपालचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"मॅडम म्हणते तुमी सही करून नाई रायले."

"हाव."

"भेता का?"

"हाव."

मी नाही म्हणेन असं त्याला वाटलं असावं. मग तो म्हणाला, "माय रोज विचारते, करुणा कशानं गेली. मी तिले काय सांगू? तुमचं नाव सांगू का?"

मी दुसऱ्या दिवशी सही केली.

*

नागपूरच्या महाविद्यालयातली प्रयोगशाळा म्हणजे एक बंद खोली होती. आत ऊन, वारा, ओल, सगळं हवं तसं करता येत होतं. मधोमध पलंगावर एक पुतळा झोपवला होता. राखाडी, बिनचेहऱ्याचा. त्याच्या कातडीला हजारो बारीक भोकं. संगणकातलं शरीर जे सांगेल तसा तो गरम होतो आणि तिथे घाम येतो. पोरं त्याला घामपुतळा म्हणतात.

"बघायलाच हवं असं नाही," मॅडम म्हणाल्या. "आकडे बाहेर पडद्यावर दिसतील."

धम्मपाल आणि मी काचेशी उभे राहिलो. मॅडमनी करुणाच्या नकाशावरून संगणकात खोली भरली. भिंती नऊ इंच विटांच्या, वर स्लॅब, कूलर, लोटलेलं दार. झरोका बंद. एकोणीस मे, दुपारचा एक.

थोड्या वेळाने पुतळ्याला घाम आला. आधी वरच्या ओठावर. मग गळ्याखाली.

करुणाला तसाच यायचा. चुलीपाशी असली की पदराने आधी ओठ टिपायची. धम्मपालनेही ते पाहिलं. तो तोंड फिरवून उभा राहिला.

पडद्यावर आकडा चढत होता. अडतीस. एकोणचाळीस. साडेतीनला तो चाळीस पूर्णांक सहावर गेला. चाळीसच्या वर शरीर स्वतःला सावरू शकत नाही, एवढं मला तोवर कळलं होतं. मग मॅडमनी झरोका उघडा करून तेच पुन्हा चालवलं. एकोणचाळीस पूर्णांक एक.

म्हणजे झरोका उघडा असता तर ती वाचली असती.

धम्मपाल ओरडला असता तर बरं वाटलं असतं. मी तिथल्या बाकावर बसलो. माझे हात मांडीवर होते आणि मी त्यांच्याकडे पाहत होतो. याच हातांनी.

मॅडम मात्र पडद्यासमोरून उठल्या नाहीत. "मला हे पटत नाही," त्या म्हणाल्या. "उपकरणं तपासून आली. त्यांच्यात काहीच बिघाड नव्हता. म्हणजे ताईंची दोन वर्षांची मापं बरोबर होती, खोली खरंच दोन अंश थंड होती. मग या नकाशातच काहीतरी चुकतंय. दुपारी तीन-चारला खोली तापते ती पूर्वेच्या भिंतीमुळे. सकाळचं ऊन विटेतून आत यायला सहा-सात तास लागतात. सगळा फरक त्याच वेळेला दिसतो." त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "भाऊ, पूर्वेची भिंत किती जाडीची आहे?"

हा प्रश्न मला आधी एकदा विचारला गेला होता. दोन वर्षांपूर्वी, जेवताना. करुणाने विचारला होता, आणि मी ताटाकडे बघत उत्तर दिलं होतं, नऊ इंच.

"नऊ इंच," मी म्हणालो. मग म्हणालो, "पण भरीव नाई. पोकळ आहे."

"म्हणजे?"

मी सांगितलं. सतरा वर्षांपूर्वी आमचं घर बांधत होतो तेव्हा सरकारी हुकमाने वीटभट्ट्या मार्चातच बंद झाल्या. तीन भिंती झाल्या होत्या, पूर्वेची राहिली होती. विटा पुरत नव्हत्या. एका सरकारी शिबिरात मला विटा आडव्या न घालता कडेवर उभ्या करून घालायला शिकवलं होतं. दोन उभ्या विटांच्या मध्ये तीन इंचांची पोकळी राहते, मधूनमधून एक वीट आडवी बांधायची. जाडी तीच नऊ इंच, विटा पाव हिश्शाने कमी लागतात. इंजिनियर लोक त्याला रॅट ट्रॅप म्हणतात. करुणा तेव्हा आठ दिवस माहेरी गेली होती. मी दोन दिवसांत भिंत उठवली आणि ती यायच्या आत गिलावा केला.

"अन् सांगतलं काहून नाई?" धम्मपालने विचारलं.

"लाज वाटली."

ज्या उस्तादाकडे मी शिकलो त्यांनी आम्हाला एकच गोष्ट घोटून शिकवली होती. भिंत भरीव हवी. पोकळ भिंत घालतो तो गवंडी मालकाला फसवतो. मी लोकांच्या घरी कधी एक वीट मारली नाही. आणि स्वतःच्या बायकोच्या डोक्याशी पोकळ भिंत घातली. तिला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

"वा, भाऊजी," धम्मपाल म्हणाला. "सतरा वर्स गप, अन् आकडा वाईट निंगाला तवा आठवलं!"

"तुझं बरोबर हाय," मी म्हणालो. "माह्यावर इश्वास ठेवू नको. भिंत फोडून पाहून घे."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छिन्नी आणि हातोडा घेऊन आमच्या खोलीत उभा राहिलो. मॅडम आल्या होत्या. धम्मपाल दारात, आठ महिन्यांनी पहिल्यांदा. मी छातीच्या उंचीवर गिलावा काढला. लाल वीट दिसली, कडेवर उभी. तिचे चारही सांधे कोरले आणि वीट हलवून बाहेर ओढली.

आत अंधार होता.

"घाल हात," मी धम्मपालला म्हणालो.

त्याने बाही वर सारली आणि मनगटापर्यंत हात आत घातला. बोटं पलीकडच्या विटेला लागली असावीत, कारण तो थांबला. हात बाहेर काढला तेव्हा बोटांवर सतरा वर्षांपूर्वीचा वाळलेला माल होता. तो बोटं चोळत राहिला.

"थंड हाय आतून," एवढंच म्हणाला.

मॅडमनी पोकळीची मापं घेतली. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते, त्यांनी सांगितलं, विटेपेक्षाही सावकाश. सकाळचं ऊन बाहेरच्या विटेत अडकून राहायचं. "दोन वर्षं आम्ही उपकरणांना दोष देत होतो," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहून हसल्या. रागावल्या असत्या तरी चाललं असतं.

गणित त्यांनी तिथेच, आमच्या स्वयंपाकघरात बसून, लॅपटॉपवरून चालवलं. आधी जुनी मापं. भिंत पोकळ धरल्यावर दोन वर्षांची रेघ नि रेघ जुळली. मग एकोणीस मे. झरोका बंद. आम्ही दोघं त्यांच्या मागे उभे होतो.

आकडा अडतीस पूर्णांक तीनवर थांबला. साडेतीन वाजून गेले, चार झाले, तो वर गेला नाही.

"आणि उघडा असता तर?" मी विचारलं.

"अडतीस. फक्त तीन दशांशाचा फरक."

"म्हंजे?"

"म्हणजे त्या खोलीत त्यांना जीव जाण्याएवढा ताप चढला नव्हता. उष्माघात नव्हता, भाऊ. हृदय बंद पडलं असेल. ते कोणत्याही खोलीत झालं असतं. शंभर टक्के खात्री मी कधीच देणार नाही, गणित आहे ते. पण शंभरात पंच्याण्णव वेळा हेच उत्तर येईल."

"अन् बटण?" धम्मपालने विचारलं. "तिनं कोणतं दाबलं असतं?"

मॅडमनी पाहिलं. "गरमीकडचं पहिलं. थोडं गरम."

थोडं गरम. मी खुर्चीवर बसलो. आठ महिने छातीवर कोणी पोतं ठेवलं होतं ते उतरलं. मला रडू आलं नाही, भूक लागली. मी तसं बोलून दाखवलं आणि धम्मपाल एकदम हसला, मग त्याचे डोळे भरले.

"झुनका येते का तुमाले?"

"नाई."

"ताईनं काईच नाई शिकवलं तुमाले," म्हणत त्याने कांदा चिरायला घेतला. जेवण झाल्यावर त्याने आईला फोन लावला. "माय, ताईचं हार्ट बंद पडलं होतं," त्याने सांगितलं. "झोपेतच. तरास नाई झाला तिले." मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊजीचा काई दोष नोता." तिकडून म्हातारी बराच वेळ बोलत होती. तो नुसता हाव हाव करत राहिला.

*

या गोष्टीला आता तीन महिने झाले. मी पुन्हा त्या खोलीत झोपतो. झरोका उघडला आणि त्याला लाकडी झडप बसवली. धूळ असली की बंद, कूलर चालू केला की उघडी. तीन दशांश तर तीन दशांश. काढलेली वीट मी परत लावली नाही. तिथे काच बसवली, मॅडमच्या वर्गातली पोरं बघायला येतात. ओळखीतल्या कोणी पोकळ भिंतीला नाकं मुरडली की धम्मपाल त्यांना घेऊन येतो आणि काचेला डोळा लावून बघायला लावतो.

विद्यापीठ करुणाला पदवी देणार आहे. चौथं प्रकरण मॅडम लिहीत आहेत. ती भिंत कशी बांधली, किती विटा, कुठे आडवी कुठे उभी, हे मी त्यांना सांगतो आणि त्या उतरून घेतात. प्रकरणाचं नाव करुणाने आधीच लिहून ठेवलं होतं, 'हे घर थंड का?'. खाली पान कोरं होतं.

दोन वर्षं ती उत्तर शोधत होती. मंगळवारी आणि शुक्रवारी दीडशे किलोमीटर जात होती. उत्तर तिच्या समोर बसून जेवत होतं. तिला कळलं असतं तर आधी ती चिडली असती, मग सगळ्या नागपूरला माझं नाव सांगत फिरली असती, हे मला आता कळतं.

पूर्वेची भिंत पोकळ आहे, हे मी तिला सांगितलं नाही. ते राहिलं.